पेवातली बैठक

१

रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, कुकर उतरला, की मी आक्कांना चीनच्या मेलेल्या राण्या वाचून दाखवायचे. कुणाला हसायचं असेल तर हसू दे. इतरांच्या घरी त्या वेळेला मालिका लागतात. तिथंही माणसं मरतातच, फक्त पुढच्या आठवड्यात परत येतात.

आक्का म्हणजे बनुबाई, माझी थोरली जाऊ. त्यांचे मालक फौजेत होते, ऐन तरुणपणी गेले, मूलबाळ नव्हतं. माझे यजमान हृदयविकारानं गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा एकुलता एक धैर्यशील, तोही फौजेत, सध्या चीनच्या हद्दीवर बर्फात. राहता राहिलो आम्ही दोघी जावा, आक्का आणि मी, राजेश्वरी, सांगलीजवळ कृष्णाकाठच्या ह्या गावात, पुढं ओटा आणि मागं परडं असलेल्या स्लॅबच्या घरात. मी हायस्कूलला इतिहास शिकवते. आक्कांच्या डोळ्यांना ऑपरेशननंतरही नीट दिसेना, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

पुस्तक इंग्रजी होतं, सांगलीत एका रद्दीवाल्याकडे मिळालेलं. मी दोन ओळी मनात वाचायच्या, चष्मा वर सरकवायचा आणि मराठीत सांगायचं. वाक्य संपलं की आक्का "हूं" म्हणायच्या. गोष्टीला हुंकार द्यावा लागतो हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हुंकार आला नाही तर सांगणाऱ्यानं समजायचं की ऐकणारा झोपला, आणि थांबायचं. आक्का कधी झोपल्या नाहीत. दिवसभर पेंगतील, पण राणी आली की टक्क जाग्या.

त्यांची आवडती होती फू हाओ. तीन हजार वर्षांपूर्वीची राणी, स्वतः फौज घेऊन लढाईवर जाणारी. तिचा राजा हाडांवर प्रश्न कोरून देवाला विचारायचा, राणीची दाढ थांबेल का, राणीचं बाळंतपण नीट होईल का.

"बायकूची दाढ दुखत्या म्हणून राजा कौल लावतुया?" आक्का म्हणाल्या.

"व्हय की."

"मग चांगला हुता म्हणायचा."

पुढं मी सांगितलं की तिच्या थडग्यात तिच्याबरोबर सोळा माणसं आणि सहा कुत्री पुरली होती. त्या वाक्याला हुंकार आला नाही. मी थांबले. आक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण जाग्या होत्या.

"त्येंस्नी कुणी इचारलं हुतं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आक्का. कोण इचारणार?"

"हूं," त्या म्हणाल्या, आणि मी पुढं वाचलं.

२

दुसरी होती शिन झुई. ही राणी नव्हे, एका मोठ्या सरदाराची बायको, पण मरणानंतरचा थाट राणीचाच. एकात एक बसणाऱ्या लाकडी पेट्या, भोवती कोळशाचा थर, त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा. आत ना हवा ना पाणी. दोन हजार वर्षांनी उघडलं तेव्हा तिची कातडी मऊ होती, कोपर वाकत होतं, आणि पोटात खरबुजाच्या बिया होत्या.

"आपल्या पेवागतच की गं," आक्का म्हणाल्या.

पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी. आमच्या भागातली माती अशी की तिच्यात विहिरीसारखा खड्डा खणायचा, तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. तळाला आणि बाजूंना उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, फरशी ठेवून वरून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. महापुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं आणि लोकांनी ती बुजवली. आमचं परड्यातलं तेवढं उंचावर म्हणून वाचलं. सासऱ्यांनी हौसेनं खणलेलं, दोन पुरुष खोल. हळद गेली तरी वास काही गेला नव्हता.

शिन झुईच्या थडग्यात मला आवडलेली गोष्ट वेगळीच होती. पेट्यांच्या शेजारच्या कप्प्यात तिच्यासाठी एक बैठक मांडलेली होती. मागं पडदा, रेशमी जोडे, हातातली काठी, शृंगाराची पेटी, पुढ्यात जेवणाची ताटं, आणि तिला नाच-गाणं दाखवायला लाकडाच्या बाहुल्या. बैठक मात्र रिकामी. देह तिकडं पेटीत, आणि ती इकडं येऊन बसणार, असा हिशेब.

"माणसं न्हाईत? बाहुल्याच?"

"नुसत्या बाहुल्या."

"ही शानी," आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी तोंडाचं विचारलं. आपल्यात मेलेल्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात, त्यांच्यात काय? मी पान उलटून सांगितलं की त्या काळात मोठ्या माणसांच्या जिभेवर हिरव्या मौल्यवान दगडाचा किडा ठेवायचे, झाडावर किर्र करतो तसला. आक्कांना ते भारी वाटलं. "तोंड झाकलं की आतलं आत ऱ्हातंय," त्या म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली. तो हात मनगटापासून खांद्यापर्यंत भाजलेला आहे, कातडी चकचकीत आणि चुण्या पडलेली. धैर्यशील रांगत होता तेव्हाची गोष्ट. परड्यात हळद शिजत होती आणि हा उकळत्या काहिलीच्या काठापर्यंत गेला. आक्कांनी त्याला उचललं, पण तोल जाऊन त्यांचा हात आत गेला. तेव्हापासून त्या चुलीपुढं बसत नाहीत. माझा मुलगा मला दोघींचा वाटतो तो उगीच नाही.

"पोरी, मला आगीचं लय भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "जाळायचं ते जाळतीलच, ते गड्यांच्या हातात हाय. पर माझी बैठक तेवढी पेवात मांड. तिच्यागत. मी येऊन बसंन."

मी हो म्हणाले. एवढ्या हातापुढं नाही म्हणायला मी कोण?

३

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आक्का दरवर्षी मातीचे बैल करायच्या. नदीची माती आणून, कुटून, चाळून, भिजवून. डोळे गेले तरी बोटं गेली नव्हती. त्यांचा एक नेम होता. बैल घडवून सावलीत वाळवायचे, शिंगं, वशिंड, शेपूट सगळं करायचं, पण तोंड करायचं नाही. बेंदराच्या सकाळी ओलं बोट फिरवून बाभळीच्या काट्यानं तोंड पाडायचं आणि लगेच पुरणपोळीचा तुकडा लावायचा. "तोंड दिलं की खायाला द्याय लागतंय," त्या म्हणायच्या. मी त्याला बाईमाणसाची शिस्त समजत होते. आधी तोंड पाडलं तर मुंग्या घर करतात, असंही एक शास्त्रशुद्ध कारण मी मनाशी काढून ठेवलेलं होतं.

त्या वर्षी बैल झाल्यावर माती उरली. एका दुपारी मी शाळेतून आले तर आक्का ओट्यावर बसल्या होत्या.

"हिकडं ये. बघू दे," त्या म्हणाल्या.

मी समोर बसले. त्यांनी दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवले. कपाळ, भुवया, चष्मा काढून डोळे, नाक. हळूहळू, गहू निवडावे तसे. बोटं ओठांपाशी आली आणि तिथं थोडी थांबली. मग त्यांनी हात काढून घेतले आणि पदराला पुसले.

चार दिवसांत बाहुली झाली. वीतभर उंच, मांडी घालून बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर पुस्तक. तारेचा चष्मासुद्धा होता. मला हसू आलं. कारण ती मी होते. नाकाच्या शेंड्याशी मला एक खळगा आहे, तोसुद्धा होता. फक्त नाकाखाली हनुवटीपर्यंत माती सपाट होती.

"आक्का, तोंड ऱ्हायलं."

"ऱ्हायलं न्हाई. तिला न्हाई द्यायचं."

"आवं, वाचणार कशी मग तुमास्नी?"

"नुसती बसली तरी चालंल मला," आक्का म्हणाल्या. "आणि हे बघ, भट्टीत घालू नगंस. तिला आग नगं."

४

दिवाळीनंतरच्या एका सकाळी चहा घेऊन गेले तर आक्का गेलेल्या होत्या. भाजलेला हात उशाखाली, चेहरा झोपल्यासारखा. मी कपबशी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ त्यांच्या पायांवर हात ठेवून बसले. मग मोठ्यानं रडले. शेजारच्या रंगुबाई धावत आल्या.

धैर्यशीलला बर्फामुळं निघता आलं नाही. भावकीतल्या आप्पासोंनी अग्नी दिला. मी घाटाकडे पाठ करून उभी राहिले.

तेराव्यानंतर आकारामला बोलावलं. आकाराम पूर्वी पेवांवर हमाली करायचा. त्यानं माती फोडली, फरशी सरकवली, आणि अर्धा दिवस पेव तसंच उघडं ठेवलं. बंद पेवात हवा मरते, घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही. मग त्यानं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. कंदील विझला नाही, तेव्हा शिडी लावली.

मी खाली बैठक मांडली. पाचटावर आक्कांची गोधडी घडी करून. पुढं चपला, काठी, फणी-करंड्याची पेटी. ताटात भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यांना आवडणारा गूळ. समोर बाहुली ठेवली, बैठकीकडे तोंड करून. ठेवली आणि माझाच जीव भरून आला. बिनतोंडाची बाई पुढ्यात पुस्तक घेऊन बसलेली. आक्का रोज येऊन बसणार आणि ही नुसती बघत राहणार. शाळेत मुलं अशी बसतात तेव्हा मला राग येतो.

आक्कांनी नको म्हटलं होतं हे मला आठवत होतं. मला वाटलं, म्हातारीनं माझा संकोच केला. मरताना कशाला कुणाला कामाला लावा, म्हणून. माझं मन त्यांच्यापेक्षा मोठं आहे हे दाखवायची हीच वेळ होती.

वर परड्याच्या कुंपणाला बाभूळ आहे. आकारामकडून एक काटा मागून घेतला. जिभेवर बोट ओलं केलं, बाहुलीच्या नाकाखाली माती भिजवली आणि काट्यानं तोंड पाडलं. बारीक, मुंगीच्या बिळाएवढं. कंदिलाच्या उजेडात ती एकदम माझ्यासारखी दिसायला लागली.

तिला खायला द्यायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. वर आले, आकारामनं फरशी ओढली आणि माती लिंपली.

५

पुढच्या संध्याकाळी सातला फोन वाजला. धैर्यशीलला त्याच वेळेला लाइन मिळते. आक्का असतानाही असंच होतं, फोन आला की मी पुस्तक पालथं घालायचे आणि त्याच्याशी बोलून झालं की राणी पुन्हा सुरू.

"आई," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

घसा बसला की खरखर होते, काहीतरी फुसफुसतं. तसं काही नव्हतं. नळाला पाणी गेलं की तोटी फिरवल्यावर जसं काहीच होत नाही, तसं. मी पुन्हा प्रयत्न केला. तिकडून तो "आई, ऐकू येतंय का? हॅलो," करत राहिला आणि लाइन तुटली. मी त्याला मेसेज टाकला, घसा बसलाय, काळजी करू नकोस.

सकाळी आवाज जागेवर होता. शाळेत दोन तास घेतले. संध्याकाळी दिवा लावताना शुभंकरोति सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा गेला.

मी हळद-दूध प्याले. गुळण्या केल्या. सांगलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरयंत्र ठणठणीत आहे, मनावर ताण आहे का? जवळचं कुणी गेलंय का? मी म्हणाले, हो. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. मलाही पटलं. दुःखानं माणसाची वाचा जाते हे मी ऐकलं होतं. फक्त दुःख घड्याळ बघून येतं हे नवीन होतं.

धैर्यशील रोज फोन करत राहिला. मी उचलायचे आणि श्वास ऐकवायचे. तो एकटाच बोलायचा. बर्फ, डाळ, सोबतचा शिराळ्याचा पोरगा. एकदा तो म्हणाला, "आई, थोरली आई गेली तवा मी आलो न्हाई म्हणून रागावलीयास का? नुसतं हो तरी म्हण गं." फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड घालून रडले, आणि रडण्यालाही आवाज नव्हता.

६

मग ते पसरायला लागलं. साताचं सहा झालं, सहाचं पाच. एके दिवशी नववीच्या वर्गात दुपारच्या तासाला मी शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयावर होते आणि वाक्याच्या मधेच आवाज गेला. मुलं वर बघत राहिली. मी फळ्याकडे वळले आणि उरलेला तास नुसती लिहीत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, थोडे दिवस रजा घ्या. मला कळत होतं की हे असंच चाललं तर एक दिवस सकाळीही आवाज येणार नाही. मग नोकरी जाईल ते जाईल. पण तो पोरगा तिकडं बर्फात आईला गमावून बसेल, आई जिवंत असताना.

त्या संध्याकाळी मी परड्यात वाळत घातलेले कपडे काढायला गेले. पेवाच्या फरशीजवळून जाताना कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं. रंगुबाईंचा टीव्ही असेल, म्हणून मी पुढं गेले. मग लक्षात आलं की रंगुबाई लेकीकडे मेढ्याला गेल्यात आणि त्यांच्या दाराला कुलूप आहे.

मी परत आले. फरशीजवळ गुडघे टेकले. लिंपलेल्या मातीला कान लावला.

खूप खोलवरून, हळदीच्या वासातून, एक बाई वाचत होती. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. वाक्य वर चढायचं, मधे किंचित अडकायचं, इंग्रजीतून मराठी जुळवताना माणूस अडकतो तसं, आणि मग खाली यायचं. वाक्य संपलं की ती थांबायची. थांबायची, आणि मग पुन्हा सुरू.

पोकळ जागेला आवाज असतो, मी स्वतःला सांगितलं. विहिरीला असतो, माठाला असतो. जमिनीतून गावातले आवाज येत असतील. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, पायाखालून.

हळूहळू कान बसला आणि शब्द कळायला लागले. ती राणीचं वाचत नव्हती.

"आज राजेश्वरीनं गवार केली," माझा आवाज म्हणाला. "मीठ जास्त पडलं. एकटीच जेवली."

मग ती थांबली. आणि मग पुढचं वाक्य सुरू झालं.

७

रविवारी सकाळी आवाज जेमतेम तासभर होता. त्यात आकारामला सांगितलं, पेव उघडायचंय, आक्कांची एक वस्तू राहिलीय. दुपारपर्यंत पेव उघडं राहिलं. कंदील खाली गेला, विझला नाही. आकारामनं शिडी धरली. "फार येळ ऱ्हाऊ नगा, बाई," तो म्हणाला. मी मान हलवली. माझ्या डाव्या हातात नदीच्या ओल्या मातीचा गोळा होता.

काय करायचं ते ठरलेलं होतं. बाहुलीचं तोंड लिंपून टाकायचं. मन घट्ट करून मी शिडी उतरले. माती बसवली की आक्का पुन्हा मुक्या अंधारात बसणार. माझा आवाज मला हवा होता आणि तो मी त्यांच्यापासून काढून घ्यायला चालले होते.

खाली ऊब होती, माणसं असलेल्या खोलीसारखी. शिडीपाशी कंदील टेकवला. उजेड बाहुलीपर्यंत नीट जात होता आणि बैठकीच्या कडेपर्यंत. ताटात भाकरी नव्हती. उंदीर असतील. पेवात उंदीर शिरत नाहीत हेही मला माहीत होतं. गोधडीची कड दिसत होती, मी घडी घातली तशी सपाट ती नव्हती. मधे दबलेली होती.

गोधडीच्या कडेपलीकडे मी बघितलं नाही. बाहुलीकडे बघितलं.

मी पाडलेलं भोक मुंगीच्या बिळाएवढं होतं. आता ते तोंड होतं. कडा झिजून गोल झालेल्या, ओल्या. आणि त्यातून माझा आवाज येत होता, कंटाळलेला, थकलेला, सहाव्या तासाला असतो तसा.

"धैर्यशीलचा फोन येईल," तो म्हणाला. "राजेश्वरी उचलेल. बोलणार नाही."

आवाज थांबला.

"हूं," समोरून आलं. हातभर अंतरावरून. मला तो हुंकार पस्तीस वर्षं माहीत होता. त्यात दुःख होतं.

मी हात पुढं केला, पण तो बाहुलीपर्यंत जाईना.

"राजेश्वरी खाली आली आहे," बाहुली म्हणाली.

ह्या वाक्याला हुंकार आला नाही.

कंदिलाच्या उजेडाच्या कडेतून एक हात आत आला. मनगटाच्या वर कातडी चकचकीत, चुण्या पडलेली. पोळपाटाशी बसल्यावर आक्का माझ्या हातातून कणकेचा गोळा घ्यायच्या, तसा त्यानं माझ्या तळहातावरून मातीचा गोळा उचलला. बाहुलीच्या तोंडावर ठेवला. अंगठ्यानं दाबला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि मग ओल्या बोटानं सपाट केला.

पेव गप्प झालं.

मी डोळे मिटले. कपाळाला बोटं लागली. भुवया, चष्मा, नाक. गहू निवडावे तशी हळूहळू. ओठांपाशी येऊन ती थांबली, आणि तिथंच राहिली.

"आक्का," मी म्हणाले. मोठ्यानं, स्वच्छ, माझ्या आवाजात.

कंदील विझला. वरून आकाराम ओरडत होता, "बाई, वर या, वर या आधी."

८

पेव पुन्हा लिंपलं. आकारामनं मला पाणी दिलं. माझ्या नाकाच्या शेंड्याला ओली माती लागली होती, ती त्यानं बघितली आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्या संध्याकाळी धैर्यशीलशी मी इतकी बोलले की शेवटी तोच म्हणाला, "आई, लाइनीत बाकीची पोरं हायत." मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही आवाजासकट. शाळेत रुजू झाले. डॉक्टर म्हणाले, बघा, दुःख ओसरलं की सगळं जागेवर येतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. खाली मी काय बघितलं, त्याची मरून गेलेल्या हवेत भ्रम होतो वगैरे कारणं मलाही देता येतात. मुलांना मी हेच शिकवते, पुरावा काय ते आधी विचारा.

पण मला झोप लागेना. आक्कांनी माझं मला परत दिलं आणि स्वतः मुक्या बाहुलीपुढं जाऊन बसल्या. नुसती बसली तरी चालंल, असं त्या म्हणाल्या होत्या. मला चालत नव्हतं.

म्हणून आता रोज दिवा लावला की मी परड्यात खुर्ची नेते. फरशीवर तेलाची पणती ठेवत नाही, त्यांना आग नको; बॅटरीवर चालणारी ठेवते. पुस्तक उघडते, दोन ओळी मनात वाचते आणि मोठ्यानं सांगते. ताटली तिथंच असते, भाकरी आणि गूळ. वाक्य संपलं की थांबते, हुंकाराएवढं. काही येत नाही. झाडं, लांबून जाणारा उसाचा ट्रॅक्टर. मग पुढचं वाक्य. रंगुबाई मेढ्याहून आल्या आणि कुंपणावरून बघून म्हणाल्या, "आवं राजेश्वरीबाई, जिमिनीला काय शिकिवताय?" मी म्हणाले, "इतिहास." त्यांनी गावभर सांगितलं असणारच.

परवा मी फू हाओच्या दाढेपाशी होते. आक्कांसाठी तेवढं दुसऱ्यांदा. फोन वाजला. मी स्पीकरवर टाकून गुडघ्यावर ठेवला.

"पान पुरं कर आई," धैर्यशील म्हणाला. "मी ऐकतुय. लय दिस झालं गोष्ट ऐकून."

मी वाचलं. राजानं हाडावर विचारलं, राणीची दाढ थांबेल का. थांबले. राणी लढाईवरून सुखरूप येईल का. थांबले. राणी गेल्यावरही राजा तिच्यासाठी विचारत राहिला. थांबले. पान संपलं.

तिकडं वाऱ्याचा आवाज येत होता.

"आई, तुझ्याजवळ कोण बसलंय?"

"कोण न्हाई. का रं?"

"तू थांबतीयास तवा कोणतरी हूं म्हणतंय."

मी फरशीकडे बघितलं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, एकदाही नाही. इतक्या संध्याकाळी थांबत आले, तरी नाही. आणि त्याला तिकडं, बर्फात, ऐकू येत होतं.

"आवाज कसा हाय?" मी विचारलं.

"चांगला हाय," तो म्हणाला. "जागी हाय ती."

मी फोन गुडघ्यावरून उचलून फरशीवर ठेवला, मधोमध, आणि पुढचं पान उघडलं.